उजव्या डोळ्याची निशाणी

पत्रिका जुळली होती, गोत्रही आडवं आलं नव्हतं. प्रमोदिनीचं लग्न आता एका फोटोवर येऊन अडलं होतं. अकोल्याच्या रामरावांनी स्वच्छ लिहिलं होतं, 'गुरुवारपर्यंत मुलीचा फोटो यावा, नाहीतर शुक्रवारी आम्ही दुसरं स्थळ पाहायला निघतो.' आणि अमरावतीतला नेहमीचा फोटोवाला नेमका कुण्या साहेबाबरोबर सेमाडोहच्या जंगलात गेला होता.

प्रमोदिनीचे वडील चिंतामण वकील मात्र निश्चिंत होते. त्यांचा स्वतःचा कॅमेरा होता. भिंग आणि पेटी यांच्यामध्ये टिनाची नळी बसवली की वीतभरावरची बारीक वस्तू तळहाताएवढी मोठी उमटते, हे त्यांनी सन पस्तीसमध्ये कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. तेव्हापासून मिरचीचं बी, मुंगी, ज्वारीचा दाणा, पक्षकाराचा शाई लागलेला अंगठा, त्यांनी कशाकशाला म्हणून सोडलं नाही. नळी केली होती मुनव्वर टिनवाल्यानं. तिच्या फटीतून उजेड शिरतो म्हणून वकिलांनी सोमवारीच कॅमेरा त्याच्याकडे टाकला होता.

बुधवारी सकाळी मुनव्वर कॅमेरा घेऊन आला. प्रमोदिनी हिरवं लुगडं नेसून, मोत्यांच्या कुड्या घालून अंगणात बसली होती. वकील काळ्या फडक्यात शिरले आणि तसेच बाहेर आले. आत नुसतं धुकं दिसत होतं. त्यांनी नळी ओढून पाहिली, पिळून पाहिली.

"मुनव्वर, नळी निघून नाही राहिली."

"निघंल कशी वकीलसाब? तुमीच बोल्ले, उजेड शिरला नाही पाह्यजे. चारी बाजूनं कथील ओतलं. अब तो तुमच्या नातवालेबी निघत नाही."

"मग कथील काढ."

"काढतो. पण आच द्या लागंल. भिंग तडकलं तर मले बोलायचं नाही."

वकिलांनी कॅमेरा त्याच्या हातून परत ओढून घेतला. नळीसकट कॅमेऱ्याला वीतभरापलीकडचं काही दिसत नव्हतं, आणि त्यात मुलीचा एक कान तेवढा मावत होता.

"आता काय लिहून धाडता त्याईले?" प्रमोदिनीची आई, अनसूयाबाई, म्हणाल्या. "पोरगी आहे, पण दिसत नाही?"

वकिलांनी क्षणभर आभाळाकडे पाहिलं. "कोर्टात पुरावा काय एकदम दाखल होते? एक एक कागद होते. जुळवायचं काम जज्जाचं."

फोटो घ्यायच्या काचा चारच शिल्लक होत्या. डावा डोळा झाला, नाक झालं, ओठ झाले. कानाची पाळी आली तेव्हा "कुडी नीट बसवून येतो" म्हणत प्रमोदिनी परसात जाऊन आली. दुपारच्या उन्हात फोटो छापून झाले आणि वकिलांनी प्रत्येकाच्या पाठीवर सवयीनं निशाणी क्रमांक टाकला. शेवटचा होता, 'निशाणी चार : उजवा कान, कुडीसह.'

"अहो, कुडीत मोती आहेत सहा," अनसूयाबाई फोटो न्याहाळत म्हणाल्या. "हा काळा मणी कुठचा?"

"सावली असन," वकील म्हणाले आणि लखोटा बंद केला.

मुनव्वरला फार अपराधी वाटत होतं. तो स्वतः संध्याकाळच्या गाडीनं लखोटा घेऊन अकोल्याला गेला आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन आला. 'चार निशाण्या पोचल्या. उजव्या डोळ्याची निशाणी दाखल नाही. तिरळेपणाचा संशय घेण्यास जागा आहे. रविवारी समक्ष तपासणीस येत आहोत.'

"चांगल्या पोरीले तिरळी करून ठेवलं तुमी," म्हणून अनसूयाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. वकिलांनाही मनापासून वाईट वाटलं. आपल्या हौसेपायी पोरीचं जुळत आलेलं मोडतंय, या विचारानं त्यांना जेवण जाईना. याचं अपील नागपूरला जाऊनही होत नव्हतं.

रविवारी रामराव मुलाला घेऊन आले. पोह्यांना हात लावण्याआधीच त्यांनी चष्मा चढवला आणि प्रमोदिनीचा उजवा डोळा पाहिला, मग डावा, मग पुन्हा उजवा. "डोळे बरोबर आहेत," असा निकाल देऊन ते मुलाकडे वळले. "कमलाकांत, तुले काही विचारायचं?"

कमलाकांत सरकारी शेतावर कपाशीवरची कीड तपासायच्या कामाला होता. दिवसभर हातात भिंग. त्यानं खिशातून निशाणी चार काढली. चार दिवस हाताळून तिचे कोपरे मऊ पडले होते. आता कानातही खोट निघाली, असं वकिलांना वाटलं.

"मुलगी मले पसंत आहे," कमलाकांत घाईघाईनं म्हणाला. "पण हा सोंडवाला किडा कुठं भेटला? दोन वर्सं झाले, मी पऱ्हाटीवर हाच शोधून राहिलो."

वकिलांनी फोटो हिसकावून डोळ्यांशी धरला. काळ्या मण्याला सहा पाय होते. अनसूयाबाईंनी मनातल्या मनात सगळ्या देवांची माफी मागितली. पोरीच्या कानात किडे पडतात अशी गावभर बोंब होणार, एवढंच त्यांना दिसत होतं.

तेव्हा प्रमोदिनीनं पहिल्यांदा मान वर केली. "आमच्या परसातल्या पऱ्हाटीवर. हात लावला की मेल्यावानी पडून राहते. गुळाचं बोट लावून कुडीवर बसवला. तुमी काय काम करता, ते तुमच्या बाबांच्या पत्रात होतं." तिनं कोनाड्यातून काड्यापेट्या काढल्या. "अजून तीन आहेत. एक उडते, पण."

रामरावांनी चष्मा उतरवला आणि पोह्यांची बशी पुढे ओढली.

थोड्या वेळानं परसात एका पानावर दोन डोकी वाकली होती आणि अनसूयाबाई राखणीला उभ्या होत्या. तेवढ्यात मुनव्वर शेगडी आणि चिमटा घेऊन दारात आला. "भिंग सांभाळून करतो, वकीलसाब. काढू का नळी?"

वकिलांनी परसाकडे पाहिलं.

"राहू दे रे," ते म्हणाले. "आता जावयाले लागंल."