महांतप्पा मास्तरांचं भाषण

सव्वीस जानेवारीला परंड्याच्या वाचनालयात बोलायचं आमंत्रण आलं, ते महांतप्पा मास्तरांनी घरी येऊन बायकोच्या तसबिरीला सांगितलं. दुसरं कुणी नव्हतं. नोकरी संपल्यापासून दिवसच्या दिवस तोंडातून शब्द निघत नसे. विषय त्यांनीच निवडला : बोलण्याचं स्वातंत्र्य. निजामी जाऊन दहा वर्षं झाली होती. आता अडवणारं कोण?

आठवडाभर खपून त्यांनी चौदा पानं लिहिली. मशिदीपुढं मुद्दाम ताशे बडवणाऱ्या हिंदूंना झाडलं, तेवढ्यावरून काठ्या काढणाऱ्या मुसलमानांनाही सोडलं नाही. मग बिरू हवालदार सांगून गेला, की भाषण तो शब्दन् शब्द लिहून घेणार; दोन धर्मांत तेढ लावणारं काही निघालं तर कायदा कडक आहे. आपण तेढ लावतोय की मिटवतोय, हे त्यांचं त्यांनाच कळेना.

म्हणून कागद त्यांनी जलील शिंप्याला दाखवले. मुसलमानांवरचा भाग त्यानं मान डोलवत वाचला. "ह्ये बराबर हाय गुर्जी, ऱ्हाऊ द्या. पर हिंदूंचं काढा. आण्णासाहेबांच्या दिलाला लागंल." आणि कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूनं त्यानं सहा पानांवर रेघा ओढल्या.

मग मास्तर वाचनालयाचे अध्यक्ष असलेल्या आण्णासाहेबांकडं गेले. त्यांनी ती सहा पानं वाचली. "आमचं खरंच हाय की. पर जलीलला कशापायी दुखवायचं?" त्यांनी उरलेल्या आठ पानांवर शाई फिरवली. कुणालाही नाही म्हणणं मास्तरांना जन्मात जमलं नव्हतं.

भाषण अर्ध्या मिनिटात संपलं. बोलावं, पण जपून, एवढंच उरलं होतं. इतकं आटोपशीर भाषण गावानं कधी ऐकलं नव्हतं. टाळ्या पडल्या, पेढे वाटले, लोक पांगले. सतरंजीवर मास्तर उरले आणि बिरू.

"गुर्जी, दोन वळी नेल्या तर सायेब म्हनंल, हवालदार झोपला व्हता. खोडलेलं वाचा."

"त्यात तेढ असली तर?"

"त्ये म्या बगतो. तुमी बोला."

मास्तर वाचू लागले. आवाज आधी कापला, मग लागला. सातव्या पानावर बिरूची पेन्सिल थांबली आणि गालाला हात लावून तो नुसता ऐकू लागला. मास्तरांना ते दिसलं, पण ते थांबले नाहीत.

शेवटी बिरूनं अहवालाचे रकाने भरले. जमाव : एक. चिथावणी : नाही. 'भाषणाचा जमावावर परिणाम' इथं तो बराच वेळ अडला, मग त्यानं लिहिलं : 'जमाव आणखी बोला म्हणाला.'

अहवाल मास्तरांपुढं सरकवून त्यानं पुन्हा मांडी घातली.