टोपण पूजेत आहे!

मंडळी, वायरींमधलं मला जेवढं कळतं तेवढं चाकणपासून तळेगावपर्यंत कुणालाच कळत नाही! हे मी स्वतःच म्हणतो. दुसरं कुणी अजून म्हणालेलं नाही, पण म्हणेल. चाकणला गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत मी, गणराज, कॉम्प्युटर विभाग आहे. विभागात मी एकटाच असल्यामुळे ‘विभागात आहे’ असं न म्हणता ‘विभाग आहे’ असंच म्हणतो.

लोक आभाळाकडे बघत स्वप्नं रंगवतात, मी वायरींकडे बघत रंगवतो. सर्व्हर रूममधले हिरवे दिवे लुकलुकायला लागले की माझी तंद्री लागलीच! पूर्वी म्हणे पिवळी वायर होती, अंगठ्याएवढी जाड. नवा कॉम्प्युटर जोडायचा तर तिला भोक पाडावं लागायचं. मग आली सडपातळ काळी. सगळे कॉम्प्युटर एकाच वायरीवर, पंगतीत बसल्यासारखे! आणि नियम काय देखणा! दोघं एकदम बोलले तर दोघांनीही गप्प व्हायचं, थोडं थांबायचं, मग पुन्हा बोलायचं. हा नियम मी घरी लावून पाहिला. मी थांबलो. रश्मी, म्हणजे आमची बायको, थांबली नाही! त्यानंतर जोडीजोडीनं पिळलेल्या तारांची वायर आली. तारा एकमेकींना अशा बिलगलेल्या की बाहेरचा गोंगाट त्यांच्या कानावरच जात नाही. तिच्याच वंशातली निळी वायर मी गेल्या वर्षी कंपनीभर फिरवली आणि मालकांना, कुलदीपशेठना, छातीठोकपणे सांगितलं, “शेठ, काळीचा जमाना संपला!”

तर यंदाची खंडेनवमी. आमच्याकडे प्रत्येक खातं आपापलं हत्यार पूजेत मांडतं. फिटर पाने मांडतात, कँटीनवाले झारा मांडतात. मी काय मांडणार? गेल्या वर्षी माउस मांडला, त्यात हळदकुंकू गेलं आणि तो वारला! म्हणून यंदा मी वायरींची अख्खी वंशावळ मांडायचं ठरवलं. पिवळीचा तुकडा, काळीचं वेटोळं, निळी, सगळं. फक्त काळीच्या टोकाला टोपण नव्हतं आणि त्यामुळे ती उघडीवाघडी दिसत होती. शोधत शोधत जुन्या मशीनच्या मागे गेलो, तर तिथल्या जोडावर एक चकचकीत टोपण! त्याच्यापुढे वायर नाही, काही नाही. म्हटलं, जमानाच संपलाय, आता टोपण कशाला? फिरवून काढलं, वेटोळ्याच्या टोकाला बसवलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं. इतकं गोजिरवाणं दिसत होतं की मी तिथंच उभ्या उभ्या तंद्रीत गेलो.

ते जुनं मशीन ज्योतीराममामांचं. मामा तरुणपणी लातूरकडून आले, त्याच मशीनवर त्यांचा हात बसला आणि त्याच मशीनवर केस पिकले. शेठना त्या जागी नवं मशीन हवं होतं. “मामा, आज मुहूर्ताचा पीस निघाला तर मशीन राहील,” शेठनी सांगून ठेवलं होतं, “नाही निघाला तर दसरा झाला की भंगारात!” बिचारे मामा सकाळपासून मशीनला लेकराला न्हाऊ घातल्यासारखे पुसत होते.

आरती झाली. आमच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक मशीननं एकेक पीस काढला. मामांनी नारळ फोडला, नमस्कार केला, बटण दाबलं. मशीन ढिम्म!

“सर, कॉम्प्युटरवरनं प्रोग्रॅमच येईना झालाय बगा!” मामा घामाघूम झाले. “कालपातूर चालत होतं की!”

“निळी वायर नीट लावलीय ना?” मी रुबाबात विचारलं.

“निळी? तिचं टोक आपल्या मशीनमधी बसतंय कुठं! फडकी वाळत घालायलो मी तिच्यावर. लई मजबूत हाय!”

“मग प्रोग्रॅम येतो कुठून?”

“काळीतूनच की!”

मंडळी, ते टोपण शोभेचं नसतं! रिकाम्या टाकीत हाक मारली की आपलीच हाक परत येते ना, तसे काळीच्या उघड्या टोकावरून सगळे निरोप परत फिरतात आणि मागून येणाऱ्यांना धडकतात. टोपण त्यांना तिथंच गिळून टाकतं. टोपण नाही तर वायर बंद.

मी पूजेच्या टेबलाकडे धावलो आणि हात घातला.

“ए पोरा! हात न्हाई लावायचा!”

या कस्तुराआई, शेठच्या मातोश्री. जुन्या चाकणकर. पूजेपुढेच खुर्ची टाकून बसल्या होत्या.

“पूजेत मांडल्यालं हत्यार उत्तरपूजेबिगर उचलायचं न्हाई!”

“आई, हे हत्यार नाही, साधं टोपण आहे.”

“मग मांडलंस कशापायी?”

‘हेच आमचं हत्यार’ असं सकाळपासून मीच प्रत्येकाला अडवून अडवून सांगत होतो!

“मामा, मग ठरल्याप्रमाणे...” शेठ म्हणाले. मामा मशीनवर हात ठेवून नुसते उभे राहिले. मला ते बघवेना.

“शेठ, मशीनचा दोष नाही! टोपण मी काढलं!” मी ओरडलो. सगळं शॉप माझ्याकडे बघायला लागलं आणि लाजेनं मला पिवळ्या वायरीच्या भोकात शिरावंसं वाटलं. तेवढ्यात वेटोळं दिसलं. एका टोकाला टोपण, पण दुसरं टोक तर मोकळंच होतं! ते मशीनच्या जोडावर लावलं की टोपण आपोआप वायरीच्या शेवटी येणार!

“आई, टोपण जागचं हलवत नाही. वेटोळं नुसतं उलगडलं तर?”

“उलगड. पर उचलू नगंस.”

उलगडलं. झेंडूच्या पाकळ्यांमधून, पान्यांच्या कडेनं, झाऱ्याखालून काळी निघाली मशीनकडे. आणि हातभर कमी पडली!

“मशीन सरकवा!” कुणीतरी म्हणालं. मशीन हत्तीएवढं! मग सगळे टेबलाकडे बघायला लागले आणि टेबलावरून आईंकडे.

आईंनी डोळे मिटले, उघडले. “देव पालखीत बसून गावभर फिरतो, तवा त्याची पूजा मोडती व्हय? उचला टेबल! समई इझू देऊ नगा!”

फिटरांनी टेबल खांद्यावर घेतलं. कँटीनवाल्यांनी घंटा धरली. “आई राजा उदो उदो!” मामांनी आरोळी ठोकली. फोर्कलिफ्टवाल्यानं हॉर्न वाजवला. पुढे वायरीचं टोक धरून मी! धुपाचा धूर, ऑइलचा वास, डोक्यावर समई तरंगतेय... पिवळी, काळी, निळी, सगळ्या माझ्यासोबत मिरवणुकीत चालल्यात असं मला वाटायला लागलं.

“सर, जोडा की!” मामा कानात ओरडले.

जोडलं. मशीननं घसा खाकरल्यासारखा आवाज केला आणि सुरू झालं. मुहूर्ताचा पीस बाहेर आला. मामांनी तो गरम गरम कपाळाला लावला.

“राहू दे मशीन,” शेठ म्हणाले. मामांनी फडक्यानं आधी मशीन पुसलं, मग डोळे.

दसऱ्याला उत्तरपूजा झाली, सगळ्यांनी आपापली हत्यारं उचलली. मी टोपणाला हात लावला तर मामांनी मनगट धरलं. “न्हाई सर. चालायलंय, चालू द्या.” तेव्हापासून टेबल मशीनजवळ रस्त्यातच आहे. टेबलावर टोपण, टोपणावर रोज ताजा झेंडू. फोर्कलिफ्ट वळसा घालून जाते.

परवा ऑडिटर आले. त्यांच्या हातात मी काढलेला वायरींचा नकाशा.

“या वायरीच्या शेवटी टेबल? हे कुठल्या स्टँडर्डप्रमाणे?”

काळी, निळी, सगळा इतिहास माझ्या ओठांवर आला. मी आणि मामा एकदमच बोललो. नियमाप्रमाणे मी थांबलो. मामा थांबले नाहीत.

“कस्तुराआईंच्या!”

ऑडिटरांनी ते मुकाट्यानं लिहून घेतलं, बूट काढून टेबलाला नमस्कार केला आणि निघाले. माझं नावसुद्धा विचारलं नाही!