गुनेलबाईंचे पाच टप्पे

"मला लिहिण्यासारखं काहीच नाही," असं जाहीर करून रूनेने पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली.

गुनेलबाई एल्वनेसच्या प्रौढांच्या शाळेत पंचवीस वर्षं भाषा शिकवत होत्या आणि हे वाक्य त्यांनी दर सप्टेंबरात ऐकलं होतं. त्या हलल्या नाहीत. रूने बसडेपोत मेकॅनिक होता, वय बावन्न. डेपोतली मुकादमाची जागा त्याच्यासाठी राखून ठेवली होती. अट एकच होती, भाषेची परीक्षा पास व्हायची, आणि त्या परीक्षेत दोन पानांचं पत्र लिहायचं असे. बसच्या नुसत्या आवाजावरून बिघाड सांगणाऱ्या या माणसाला कोऱ्या कागदासमोर घाम फुटत असे.

"या आठवड्यात तुला राग कशाचा आला?" बाईंनी विचारलं.

"राग? छे. मी कुठे रागावतो?"

"आठव."

रूनेने आठवलं. हळूहळू त्याचे कान लाल झाले. "धुण्याची खोली," तो म्हणाला.

वर्गातल्या बाकीच्या सहाही माना वर झाल्या. इमारतीच्या तळघरात सगळ्या बिऱ्हाडांची मिळून धुण्याची एकच खोली असते. भिंतीवरच्या फळीत आपल्या वेळेच्या खाचेत आपलं छोटंसं कुलूप अडकवलं, की तेवढे तीन तास मशीन आपलं. गावात एक वेळ चर्चला न जाणारा चालतो, पण दुसऱ्याचं कुलूप हलवणारा चालत नाही.

"कुणीतरी माझं कुलूप गुरुवारवरून शुक्रवारवर सरकवलं," रूने म्हणाला. "एकदा नाही, दोनदा!"

"अरेरे," मागच्या रांगेतून कुणीतरी मनापासून हळहळलं.

"झालं तर मग," गुनेलबाई म्हणाल्या. "त्या माणसाला पत्र लिही."

त्यांनी फळ्यावर पाच टप्पे लिहिले. जमवणं, कच्चा खर्डा, दुसऱ्याला वाचायला देणं, दुरुस्ती, आणि पक्की प्रत करून ज्याची त्याला पोचवणं. मग खडूने फळ्यावर टकटक केलं. "एकही टप्पा गाळायचा नाही. घाई असली तरी नाही, आजारी असलात तरी नाही."

बाईंचा हा हट्ट सगळ्या शाळेला माहीत होता. आदल्या वर्षी एका विद्यार्थ्याकडून त्यांनी एकच परिच्छेद अकरा वेळा लिहून घेतला आणि त्याने मुख्याध्यापिकेकडे तक्रार केली. मुख्याध्यापिका कायसा वयाने बाईंच्या मुलीएवढी, पण स्पष्ट बोलणारी. "गुनेल, आणखी एक तक्रार आली, तर हा वर्ग मला दुसऱ्याकडे द्यावा लागेल," तिने तेव्हाच सांगून ठेवलं होतं.

रूने पहिल्या टप्प्याला बसला आणि उठेनाच. रागाची कारणं जमवता जमवता एकेचाळीस झाली. त्यात ड्रायरच्या जाळीत लोकरीचा गोळा सोडून जाणारे होते, जिन्यात लघवी करणारं मांजर होतं, आणि बाल्कनीत आंबवलेल्या हेरिंग माशांचा घाण वासाचा डबा फोडणारे दुसऱ्या मजल्यावरचे लोकही होते. खर्डा लिहिताना एवढा माल वाया जाऊ नये, म्हणून त्याने तिन्ही मजले आत घेतले. कुलूप सरकवणाऱ्याला उद्देशून सुरू झालेलं पत्र तिसऱ्या पानावर अख्ख्या इमारतीला उद्देशून चालू होतं.

गुनेलबाई हरखल्या. त्यांनी समासात लाल शाईने लिहिलं, 'वा! इथे आणखी कडक हो.' आणि जरा खाली, 'नुसतं गाढव म्हणून भागत नाही. कशा प्रकारचं गाढव?' शेवटी सही केली, 'गुनेल, प्रौढ शाळा', आणि म्हणाल्या, "आता हे घरी ने आणि कुणाला तरी वाचायला दे."

रूनेने ते बायकोला, मायलिसला दिलं आणि तो कामावर गेला. मायलिसने ते वाचलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती, पण आपला नवरा असा लिहू शकतो याची तिला कल्पना नव्हती. तिचे डोळे भरून आले. ती तडक तळघरात गेली आणि तिन्ही पानं धुण्याच्या खोलीच्या दारावर चार टाचण्यांनी लावून आली.

संध्याकाळी रूने किंचाळला, "अगं, तो कच्चा खर्डा होता!"

"कच्चा कसला? बाईंनी तपासलेला आहे की. लाल शाई दिसत नाही का?"

रूने धावत खाली गेला, पण दारासमोर एवढी माणसं उभी होती, की तो पायरीवरूनच परत फिरला.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा गुनेलबाईंनी कोट चढवला. आपल्या विद्यार्थ्याचा दुसऱ्या टप्प्यातला कागद भिंतीवर लागावा, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. तो काढायचाच, असं ठरवून त्या तळघरात उतरल्या.

कागदाच्या कडांवर, मागे, खाली जोडलेल्या पाकिटांवर सगळ्या इमारतीने उत्तरं लिहिली होती. मांजरवालीने लिहिलं होतं, की मांजर नव्हे, रूनेच लघवी करत असेल. हेरिंगवाल्यांनी त्याला जेवायला बोलावलं होतं, पण ते आमंत्रण आहे की धमकी, हे विरामचिन्हांअभावी कळत नव्हतं. आणि अगदी कोपऱ्यात बारीक अक्षरात एक ओळ होती, 'कुलूप तुझ्याच बायकोनं हलवलं. मी डोळ्यांनी बघितलं.'

बाईंनी टाचणीला हात घातला. पण ते आमंत्रण त्यांना बघवेना. फक्त एक स्वल्पविराम, असं स्वतःला बजावून त्यांनी लाल पेन काढलं. मांजरवालीच्या दुसऱ्या वाक्यापर्यंत बाई पोचल्या, तेव्हा मागून कुणीतरी खाकरलं.

सोसायटीचा अध्यक्ष स्टूरे उभा होता. कस्टममधून निवृत्त झालेला हा गृहस्थ अजूनही माणसाकडे सामान तपासावं तसं बघायचा.

"ती लाल शाईवाली तूच का?"

"हो."

"गाढव कशा प्रकारचं, असं विचारणारी?"

"हो," बाई म्हणाल्या. "त्याचं वर्णन फार मोघम होतं."

"माझ्या इमारतीत तीस वर्षं शांतता होती. कालपासून लोक जिन्यात एकमेकांना वाट देईनात. मी तुझ्या शाळेकडे तक्रार करणार. लेखी!"

"कर ना," बाई म्हणाल्या, आणि पंचवीस वर्षांची सवय तोंडातून निसटली. "खर्डा झाला की दाखव."

घरी रूनेने बायकोला कुलपाचं विचारलं. "अगबाई, हो की!" मायलिस म्हणाली. "गुरुवारी माझा गायनाचा सराव असतो. तुला सांगायचंच राहिलं." रूनेने टेबलावर कागद पसरला आणि अख्ख्या इमारतीची माफी मागणारं पत्र लिहायला घेतलं. या वेळी त्याला घाम फुटला नाही.

सोमवारी वर्ग सुरू झाला आणि स्टूरे दारात उभा राहिला. हातात पाकीट होतं, डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"तूच म्हणालीस ना, दाखव म्हणून?"

बाईंनी कागद उघडला. त्यावर दोन ओळी होत्या. 'तुमची गुनेल ही बाई वाईट आहे. तिला काढून टाका.'

"एवढंच?"

"चार दिवस बसलोय," स्टूरे पडलेल्या आवाजात म्हणाला. "पुढे सरकतच नाही. बाहेरून बघायला सोपं वाटतं गं."

"बस," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी खुर्ची ओढली.

रूनेने त्यांना खिडकीपाशी गाठलं. "गुनेल, डोकं फिरलंय का तुझं? ते पत्र तुझ्याविरुद्ध आहे! आहे तसं जाऊ दे. त्या दोन ओळी कायसा केराच्या टोपलीत टाकेल."

"म्हणूनच तर. माझ्या वर्गात आलेला माणूस असल्या दोन ओळी घेऊन बाहेर जाणार नाही."

दोन आठवडे स्टूरे येत राहिला. त्याने मुद्दे जमवले, आणि काही सुचेनासं झालं की बाईच आठवण करून देत, "माझी सही होती, ते घेतलंस का? दुसऱ्या दिवशी परवानगीशिवाय तळघरात शिरले, ते?" त्याचा खर्डा रूनेने वाचला, मागच्या रांगेने वाचला. बाईंनी 'बेजबाबदार' हा शब्द वाक्याच्या शेवटून उचलून सुरुवातीला नेला. "इथे तो जास्त लागतो," त्या म्हणाल्या. मागणीवर मात्र त्यांनी त्याला सोडलं नाही.

"काढून टाका, हे फार होतं. वाचणाऱ्याचा विश्वास उडतो. गुन्हा केवढा, शिक्षा केवढी?"

स्टूरेने दालचिनीच्या रोलचा तुकडा मोडला आणि विचार केला. "लेखी ताकीद?"

"का? कारणं दे."

स्टूरेने तीन कारणं दिली. बाईंनी चौथ्यांदा लिहायला लावलं. अखेर पक्की प्रत झाली. स्टूरेने ती दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि अवघडून म्हणाला, "गुनेल, खरं सांगू? आता मला तेवढा रागच राहिला नाही. फाडून टाकू या का?"

"फाडून?" बाईंचा आवाज असा चढला, की शेजारच्या वर्गातलं गणित थांबलं. "चार खर्डे झाल्यावर? पाचवा टप्पा काय आहे, वाच फळ्यावर!"

"ज्याची त्याला पोचवणं," स्टूरे पुटपुटला.

त्या स्वतः त्याच्याबरोबर कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेल्या. पाकीट आत पडल्याचा आवाज आल्यावरच हलल्या. परतताना मात्र कायसाने सांगून ठेवलेलं त्यांना आठवलं. पंचवीस वर्षांत त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं, आणि दुसरं काही करायची त्यांची इच्छाही नव्हती.

आठवड्याने कायसाने बोलावलं. तिच्यासमोर पत्र होतं.

"तुझा वर्ग काढून घ्यायचं मी ठरवलं होतं," कायसा म्हणाली. "दुसरी तक्रार. मी तसं बोलले होते."

"बोलली होतीस."

"पण हे वाच." तिने शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं. "तक्रार करणारा स्वतःच म्हणतो, ताकीद द्या आणि त्याहून जास्त काही करू नका. वर तीन कारणं. काल दिवसभर मी त्यातलं एक तरी खोडायचा प्रयत्न केला. एकही खोडता येईना. असं पत्र या टेबलावर आजवर आलेलं नाही." तिने बाईंकडे जरा रोखून बघितलं. "हा माणूस लिहायला कुठे शिकला?"

"सोमवारी आणि बुधवारी," गुनेलबाई म्हणाल्या. "खोली क्रमांक चार."

कायसाने ताकीद लिहिली, सही केली आणि बाईंपुढे सरकवली. बाईंनी ती घडी घालून पर्समध्ये टाकली, पण त्या उठेनात.

"आणखी काही?"

"ती तक्रार जरा देतेस का?" बाई म्हणाल्या. "वीस प्रती काढते आणि परत आणून देते. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना दाखवायला इतकं चांगलं पत्र माझ्याकडे दुसरं नाही."