नोंदणी कचेरी बेपत्ता

“बंदरापासून डोंगरापर्यंत माझ्या नजरेतून एक तारही सुटत नाही. मी नुसता खाकरलो तरी गुन्हेगार कबुली देतो,” असं तू साहेब स्वतःविषयी सांगतात. ‘तू’ हे त्यांचं आडनाव. तैवानात ते चालतं. मी मात्र त्यांना अहोजाहो करतो, कारण माझी रजा तेच मंजूर करतात. काम संगणक दुरुस्तीचं, खाज गुप्तहेराची. मी त्यांचा सहायक, म्हणजे अठरा वर्षं शिडी धरतोय.

त्या सोमवारी आमच्या नोंदणी कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावरचे सगळे संगणक रुसले. रोज सुरू झाले की ते हाक मारतात, ‘मला पत्ता द्या!’ मग तळमजल्यावरचं यंत्र प्रत्येकाला जाळ्यातला एकेक पत्ता वाटतं. आज एकालाही मिळाला नाही. अख्ख्या गावाचे पत्ते लिहून ठेवणारी कचेरी स्वतःच बेपत्ता!

काउंटरसमोर शू-फेन आणि तिचा होणारा नवरा चेंग-हाओ सकाळपासून ताटकळत होते. लग्नाचा मुहूर्त आजचा आणि नोंद झाल्याशिवाय लग्न नाही. उद्या तो मासेमारीच्या बोटीवर सात महिन्यांसाठी निघणार होता. कचेरी पाचला बंद होते आणि चार वाजले होते.

“घातपात!” साहेब गरजले. जिन्याजवळच्या राउटरवरचं खाऊचं हिरवं पाकीट त्यांनी चिमटीत धरलं. यंत्रांनी शहाण्यासारखं वागावं म्हणून आम्ही ते ठेवतो. “मुदत कालच संपलीय. यंत्राचा अपमान झालाय!”

मी धावत जाऊन ताजं पाकीट आणलं. संगणक ढिम्म.

मग साहेबांनी चेंग-हाओवर बोट रोखलं. “लग्न टाळायला तार कापलीस ना? गुन्हेगार तूच!”

“टाळायचं असतं तर कालच बोटीत जाऊन बसलो नसतो का?”

“अहो, साडेचार वाजले हो!” शू-फेन रडकुंडीला आली. मला फार वाईट वाटलं. साहेब भिंग पुसत होते.

तेवढ्यात डबेवाल्या आकिम मावशी उरलेले तीन डबे घेऊन तणतणत वर आल्या. “दुसऱ्या मजल्याने आज उपास धरला होता का?”

“अहो मावशी, आम्ही जिन्यातून किती ओरडलो!”

“ते मला खाली ऐकू येतं होय? जुना दरवान ऐकायचा नि येऊन सांगायचा, ‘दुसरा मजला, तीन डबे.’ नवा नुसता ऐकतो. निरोप कुणाला द्यायचा, हे त्याला सांगितलंय कुणी?”

मी राउटरकडे पाहिलं. तोही नवाच होता. “साहेब, संगणकांची हाक याच्यापाशीच अडते. ती पुढे कुणाला पोचवायची, हे याला सांगितलंय ना?”

साहेब छताकडे पाहू लागले. रविवारी तो त्यांनीच बसवला होता. शिडी मी धरली होती.

एकच ओळ टाइप करायची राहिली होती: तळमजल्यावरच्या यंत्राचा पत्ता. ती घातली आणि राउटर कामाला लागला. कुठल्या मजल्याची हाक आहे ते खाली सांगायचं आणि मिळालेला पत्ता वर आणून द्यायचा. पाचला चार मिनिटं असताना लग्न नोंदलं गेलं. शू-फेनने मावशींना मिठी मारली. साहेबांनी अभिनंदन स्वीकारलं, जे कुणी केलंच नव्हतं.

अहवालात त्यांनी लिहिलं, ‘गुन्हेगार बेपत्ता.’ मी ते खोडलं आणि साहेबांचा त्या दिवसातला एकमेव बरोबर निघालेला तर्क लिहिला: ‘गुन्हेगार तूच.’