बार्शीचा कोनाडा

भुजंग मिस्त्रीला परका माणूस भेटला की तो त्याचं नाव-गाव विचारत नसे. त्याचा एकच प्रश्न असे, "तुमच्याकडं इंजनवाल्याला म्हयन्याला काय भेटतं?"

एकदा खामगावाहून एकजण मिस्त्रीच्या चुलत्याच्या मरणाची खबर घेऊन आला. मिस्त्रीने फडक्याने डोळे पुसले, माणसाला पाणी दिलं आणि दुसऱ्याच दमात विचारलं, "खामगावात इंजनवाल्याला काय देत्यात?" कपिलधारला धबधब्याखाली आंघोळ करून निथळत उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यालाही त्याने सोडलं नाही. म्हातारा मेंढरं राखणारा होता. "इंजन म्हंजे काय बे?" तो म्हणाला. मिस्त्रीला त्याची मनापासून कीव आली.

तलवाड्याच्या वाटेवर कापसातून सरकी काढायची गिरणी होती. लोक तिला जीन म्हणत. तिथे मी कारकून आणि भुजंग इंजिनवाला. निजामाचं राज्य होतं. आमच्या मोगलाईत पगार हाली रुपयात मिळायचा आणि सरहद्द ओलांडून इंग्रजांच्या मुलखात बार्शीला गेलं की कलदारात. कलदार रुपया वजनदार, आमचा हाली हलका. तेच इंजिन, तीच वाफ, तेच भाजलेले हात. पण गाव बदललं की मोल बदलायचं. ही गोष्ट मिस्त्रीच्या जिवाला फार लागली होती.

त्याला अक्षर येत नव्हतं. म्हणून इंजिनघराच्या भिंतीत त्याने ओळीने कोनाडे केले होते. एक खामगावचा, एक अकोल्याचा, एक बार्शीचा, असे. ज्या गावी जितका पगार, तितक्या सरक्या त्या कोनाड्यात. हालीची सरकी तशीच, बारीक केसाळ. कलदारची सरकी राखेने घासून गुळगुळीत केलेली. भाव वाढला की सरकी वाढे. एकदा उंदीर शिरले तेव्हा मिस्त्री धावत माझ्याकडे आला.

"मुनीम, घात झाला! अकोल्याचा पगार उंदरानं खाल्ला!"

भट्टीत लाकडं टाकणारे गडी त्याची थट्टा करायचे. "मिस्त्री, इतके भाव इचारता, मंग जात कावून न्हाई?"

"भाव ठावा असला की मानूस सस्त्यात जात न्हाई बे," तो म्हणायचा आणि तेलाची बुधली घेऊन इंजिनाकडे वळायचा. त्याला बायको नव्हती. पगार मनासारखा ठरला की लग्न करू म्हणता म्हणता केस पिकले होते. माझी बायको माझ्या शिदोरीत त्याची एक भाकरी जास्तीची बांधायची. ती तो इंजिनाशेजारी बसून खायचा, निम्मी संपली की म्हणायचा, "वहिनीच्या हाताला लई चव हाय."

एका हंगामाच्या तोंडावर बार्शीहून त्याच्या नावाचं पत्र आलं. तिथल्या एका गिरणीच्या मालकाने लिहिलं होतं: पस्तीस कलदार आणि राहायला खोली. आमच्याकडे त्याला पंचवीस हाली होते. पत्र आल्याचं आमच्या मालकाच्या कानावर आधीच गेलं होतं. त्याने मला बोलावून सांगितलं, "मिस्त्री गेला तर यंदा जीन बंद. मग तुम्हीही दुसरं काम बघा." माझ्या बायकोला आठवा महिना होता. घरात दुसरी मिळकत नव्हती.

दुपारी मी इंजिनघरात गेलो आणि पत्र वाचून दाखवलं. मी वाचलं, "वीस कलदार."

मिस्त्रीने तेलाची बुधली खाली ठेवली. मग म्हणाला, "पुन्यांदा वाचा."

मी पुन्हा वाचलं. पुन्हा वीसच. पहिल्यापेक्षा दुसऱ्यांदा वाचणं जड गेलं.

"खोली-बिली?"

"त्याचं काही लिहिलेलं नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पत्राकडे पाहत होतो. तो म्हणाला, "वहिनीचे दिवस भरत आले न्हवं?"

"हो. पुढच्या महिन्यात."

"मंग ऱ्हाऊ द्या. वीस कलदार म्हंजी आपले तेवीस हाली. हितले पंचवीस बरे." त्याने बार्शीच्या कोनाड्यात वीस गुळगुळीत सरक्या ठेवल्या आणि भोंगा दिला.

मला मुलगी झाली. जीन चालू राहिली. मिस्त्री आणखी नऊ हंगाम हाली पगारावरच राबला. मालकाने पुढे त्याचे दोन रुपये वाढवले, तेही मी दोनदा आठवण करून दिल्यावर. खरं सांगायचं रोज मनात यायचं. सकाळी ठरवायचो, इंजिनघराच्या दारापर्यंत जायचो आणि भाकरी ठेवून परत यायचो. त्या वर्षांत एक बदल मात्र झाला होता. बार्शीचा गाडीवान आला की मिस्त्री पगार विचारत नसे. मला वाटायचं, म्हातारा थकला.

दहाव्या हंगामाआधी तो तापाने गेला. त्याच्या माणसांपैकी कुणी आलं नाही. नवा इंजिनवाला यायचा होता, म्हणून मालकाने कोनाडे बुजवायला सांगितलं. मी एकेक रिकामा करत गेलो. बार्शीच्या कोनाड्यात पुढे वीस सरक्या होत्या. हात खोल घातला तर मागे फडक्याची एक पुरचुंडी लागली.

तिच्यात पंधरा सरक्या होत्या. साऱ्या गुळगुळीत. फडकं आमच्या घरचं, भाकरी बांधायचं.

कुण्या गाडीवानाने त्याला केव्हा सांगितलं, ते मला कळलं नाही. आता विचारायला कुणी उरलं नव्हतं. मी त्या पंधरा सरक्या विसांत मिळवल्या. मग बंद पडलेल्या इंजिनासमोर, भाकरी खायला तो जिथे बसायचा त्या जागेकडे तोंड करून, हातात कागद नसताना, पत्र तिसऱ्यांदा वाचलं.

"पस्तीस कलदार, मिस्त्री. आणि राहायला खोली."