डॉलरचं हळदीकुंकू

सुंदरराव औरंगाबादहून डॉलर घेऊन गावात उतरले तेव्हा पाण्याचा टँकर आला होता, म्हणून त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. एरवी सगळ्यांनी पाहिलं असतं. सहकारी साखर कारखान्याच्या एकवीस संचालकांतून मॉरिशसच्या अभ्यासदौऱ्यासाठी एकट्या सुंदररावांचं नाव निघालं होतं. कमी पाण्यावर तिकडे ऊस कसा पिकवतात ते बघून यायचं होतं. अट एकच. शुक्रवारी मुंबईत दौऱ्याच्या साहेबांना प्रत्येकाने दोनशे डॉलर दाखवायचे. डॉलर नाहीत तर विमान नाही.

साल होतं एक्क्याण्णव. देशाकडेच डॉलर उरले नव्हते. माजलगावच्या बँकेत सुंदररावांनी डॉलर मागितले, तेव्हा मॅनेजरने आधी त्यांना पाणी पाजलं. मग अर्ज, शिक्के आणि औरंगाबादच्या तीन खेपा. शेवटी तिथल्या बँकेतल्या बाईंनी विसाच्या दहा नोटा हातावर ठेवल्या आणि बजावलं, "यांच्यावर डाग पडू देऊ नका. तिकडे डागाळलेली नोट घेत नाहीत. आणि आमच्याकडे दुसऱ्या नाहीत."

घरातली सगळ्यात सुरक्षित जागा म्हणून सुंदररावांनी नोटा देवघरात ठेवल्या आणि ते हातपाय धुवायला गेले. परत आले तोवर त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाईंची पूजा आटोपली होती. नोटेवर लांब केसांचा, गंभीर चेहऱ्याचा एक माणूस होता. दहाही नोटांवर त्याच्या कपाळाला हळदीकुंकवाची ठसठशीत बोटं उमटली होती.

"हे काय केलंस?"

"काय म्हंजे? परमुलखाची लक्ष्मी पयल्यांदा घरात आली. तिला कोरडीच ठेवू का?"

"अगं, लक्ष्मी कुठली? हा बाप्या हाय."

"बुवा हाय ते दिसलं मला. म्हणून तर कपाळालाच लावलं. कापसाच्या पैशाला लावते तवा कधी बोलला न्हाईत."

हे खरंच होतं. सुंदररावांनी टँकरचं वाटीभर पाणी घेतलं, कपड्याचा साबण घेतला आणि एक नोट हलक्या हाताने चोळली. कुंकू तर गेलं नाहीच, वर पिवळी हळदही लाल झाली. त्यांनी दुसरी चोळली. तीही तशीच. दहाव्या नोटेपर्यंत त्यांनी आशा सोडली नाही.

"आधी टिळा होता," रुक्मिणीबाई वाकून म्हणाल्या, "आता खोक पडल्यावानी दिसतंय."

शेजारचे त्रिंबक गुरुजी भिंतीवरून हे सगळं बघत होते. तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस. त्यांचा चेहरा उजळला.

"हळदीला साबण लागला की ती लाल होणारच, सुंदरराव. सातवीला आहे हे."

"मी सहावीत शाळा सोडली, गुरुजी."

"मग तुमची चूक नाही. आता तिला आंबट काहीतरी लावा. लिंबू आणा."

त्या दुष्काळात अख्ख्या गावात एकच लिंबू निघालं. तेही चंद्रभागाबाईंच्या दारावर, मिरच्यांबरोबर ओवलेलं. शनिवारी बांधलेलं असल्याने अजून रसरशीत होतं.

"नेताव खरं," चंद्रभागाबाई म्हणाल्या, "पर माझ्या घराला नजर लागली म्हंजे?"

"माझ्या डॉलरला लागलीय, मावशी. आधी ती निघू द्या."

लिंबू पिळलं आणि लाल रंग खरंच पळाला. राहिला तो फिकट पिवळा.

"बुवाला कावीळ झाली हो," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"अगदी पुस्तकात दिल्याप्रमाणे," गुरुजी खुशीत म्हणाले. "आता पुन्हा साबण लावला की पुन्हा लाल. दाखवू का?"

सुंदररावांनी नोटा छातीशी धरल्या.

शुक्रवारी मुंबईच्या कचेरीत वेगवेगळ्या कारखान्यांचे अकरा संचालक जमले. सुंदरराव मुद्दाम मागे उभे राहिले. गावी परत जाऊन काय सांगायचं, याची त्यांनी एसटीत तयारी केलीच होती.

नगरच्या संचालकांनी पाकीट उघडलं. नोटांवर कुंकू होतं. लातूरच्यांच्या नोटांना कुंकवावर अक्षताही चिकटल्या होत्या. परभणीच्या आश्रुबांनी तर रुमाल सोडला तसा टेबलावर गुलाल सांडला. सुंदररावांच्या नोटा त्या मानाने स्वच्छच निघाल्या.

"हे कशानं घालवलं?" आश्रुबांनी कानाशी येऊन विचारलं.

"आंबट लागतं," सुंदरराव गुरुजींच्या थाटात म्हणाले. "सातवीला हाय हे."

साहेबांनी डोकं धरलं. मग आतल्या खोलीत जाऊन त्यांनी मॉरिशसला फोन लावला.

"तिथल्या कारखान्याचे खजिनदार मराठी आहेत," बाहेर येऊन साहेब म्हणाले. "नोटा ते बदलून देतील. त्यांच्या घरीही हेच चालतं म्हणे. चला, पुढचे कोण?"

शेवटी राहिले होते सांगलीचे पंडितराव. त्यांच्या नोटा कोऱ्या करकरीत होत्या. साहेबांनी एक नोट उजेडात धरली, उलटी केली, बोटांनी चाचपली आणि पुन्हा उजेडात धरली.

"पंडितराव, या कुठून आणल्यात?"

"बँकेतनंच की, साहेब."

"मग अशा कशा?"

सगळे संचालक त्यांच्याकडे बघायला लागले. सुंदररावांना त्यांची दया आली. ते जवळ सरकून हळूच म्हणाले, "वहिनी माहेरी गेल्यात का?"

पंडितरावांनी मान खाली घातली.

"चार दिवस झाले," ते म्हणाले. "मलाबी विमानात न्या म्हणत होती."