पाचपैकी दोन

आत्मविश्वासाचा फॉर्म तिने सरांना दाखवायला नेला, तिथेच सगळं बिनसलं.

परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाने सात देशांतल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना वीस प्रश्न पाठवले होते. स्वतःच्या अभ्यासावर तुमचा विश्वास किती, पाचपैकी गुण द्या. तिने प्रामाणिकपणे सगळीकडे दोन लिहिले आणि चार वर्षांच्या सवयीने कागद गाईडपुढे ठेवला. त्याच टेबलावर तिचं चौथं प्रकरण पाच महिने सहीवाचून पडलं होतं. महिनाअखेर प्रबंध जमा झाला नाही, तर कॉलेजातली ठरलेली नोकरी हातची जाणार होती. घरी सासूबाई रोज दार उघडताच विचारत, "झाली का गं सही?"

"दोन?" सर कडाडले. "जगभर नाक कापणार का आपलं? चार कर!"

तिने चार केले. ही बातमी बाहेर फुटली आणि सरांचे उरलेले आठ विद्यार्थी फॉर्म घेऊन दाराशी हजर.

"सर, आमचा आत्मविश्वास किती लिहायचा?"

"चार! प्रत्येक गोष्ट मीच सांगायची का?"

आठवड्याभरात परदेशातून अत्यंत सभ्य पत्र आलं. नऊही फॉर्म तंतोतंत सारखे आहेत, 'मी माझे निर्णय स्वतः घेऊ शकतो' यालाही सगळ्यांनी चारच दिलेत. तरी कृपया प्रत्येकाने स्वतंत्रपणे पुन्हा भरावा.

सरांनी सगळ्यांना बोलावून घेतलं. "ऐकलंत ना? स्वतंत्रपणे भरायचेत. कुणी काय स्वतंत्रपणे लिहायचं, ते उद्या सांगतो."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. बाकीचे माना डोलावत निघून गेले, ती हलली नाही.

"सर, मी दोनच लिहिणार."

"आत्मविश्वास नाही, याची एवढी खात्री कशी गं तुला?"

"चार वर्षं पुरावा गोळा केलाय! ते प्रकरण मी तीनदा नव्याने लिहिलं, सर. तुम्ही बरोबर म्हणत नाही, चूक म्हणत नाही. काय चुकलंय तेवढं सांगा, नाहीतर सही करा."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"चुकलेलं काही नाही गं," ते हळूच म्हणाले. "मला ते कळलंच नाही. तिन्ही वेळा. आता गाईड म्हटल्यावर मी विचारू कुणाला?"

पाच महिने! रडावं की समोरचा पेपरवेट फेकावा, तिला समजेना.

"मला विचारायचं ना, सर!"

"बरं, विचारतो. हे शेवटचं कोष्टक काय म्हणतंय?"

तिने कोष्टक वाचलं. पान मागे उलटलं, पुढे उलटलं, पुन्हा वाचलं.

"आकडे बरोबर आहेत, सर. पण खरं सांगू? तीनदा बदलून बदलून... आता मलाही नीट कळत नाहीये."

सरांचा चेहरा एकदम खुलला. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"अगं, मग आधी नाही का सांगायचंस!" म्हणाले आणि झोकात सही ठोकली.